बीजीव्हीचा मेल आलाय आणि रेझ्युमेत थोडं वाढवून लिहिलंय? मग फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

ऑफर आली की काही दिवसांत बीजीव्हीचा, म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा (तुम्ही दिलेली माहिती तपासण्याचा) एक मेल येतो, त्यात ऑथब्रिज, फर्स्ट अॅडव्हान्टेज, हायरराइट असल्या कुठल्यातरी व्हेरिफिकेशन कंपनीची लिंक असते, आणि तिथे जॉइनिंग डेटपासून मागच्या एचआरच्या मेल आयडीपर्यंत सगळं भरायचं असतं. ज्यांनी रेझ्युमे लिहिताना हात सैल सोडलेला असतो त्यांच्या पोटात तेव्हा गोळा येतो. मी पुण्यात रिक्रूटमेंटमध्ये आहे, आणि रात्री अकराला येणारे "सर एक विचारायचं होतं" वाले मेसेज बहुतेक याच फॉर्मबद्दल असतात. कोणी चौदा महिन्यांची दोन वर्षं केलेली असतात, कोणी एक्झिक्युटिव्ह असून टीम लीड लिहिलेलं असतं, कोणी सहा लाखांचे आठ लाख सांगितलेले असतात.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. रेझ्युमेवर बहुधा तुमची सही नसते, फॉर्मवर असते. फॉर्मच्या शेवटी डिक्लरेशन असतं की वरची सगळी माहिती खरी आहे, खोटी निघाली तर ऑफर रद्द किंवा नोकरी गेली तरी चालेल, आणि सोबत एक ऑथरायझेशन लेटर असतं ज्याने तुम्ही त्यांना चौकशीची परवानगी देता. व्हेरिफिकेशनवाले मुख्यतः फॉर्ममधली माहिती तपासतात, मग काही कंपन्या तो रिपोर्ट रेझ्युमेशी पण ताडून बघतात. म्हणजे रेझ्युमेत जे झालं ते झालं, पण फॉर्म अजून कोरा आहे, आणि दुरुस्ती करायची तर ती सबमिट दाबायच्या आधी.

आधी ठरवा की तुमचं नेमकं काय आहे

सगळं वाढवून लिहिलेलं एका मापाचं नसतं. "टीमसोबत मॉड्यूल केलं" याचं "मॉड्यूल लीड केलं" झालं, "रिपोर्टिंगचा वेळ ४० टक्के कमी केला" असं ठोकून दिलं, दोनदा वापरलेलं टूल स्किल्समध्ये टाकलं, हे बीजीव्हीत जवळपास कधीच तपासलं जात नाही. जुन्या एचआरला तुमचा प्रोजेक्ट माहीतही नसतो, ती बिचारी सिस्टीममध्ये एम्प्लॉयी कोड टाकते आणि समोर दिसेल ते सांगते. हे धरलं जातं इंटरव्ह्यूत, किंवा जुन्या मॅनेजरला रेफरन्स कॉल गेला तर, किंवा जॉइन झाल्यावर तेच काम गळ्यात पडलं की. ऑफर आली म्हणजे इंटरव्ह्यू तर पार पडलाय. त्यामुळे यासाठी एचआरला मेल वगैरे करून उगाच खाजवून खरूज काढू नका, ते टूल मात्र जॉइनिंगपर्यंत खरंच शिकून घ्या.

दुसरा प्रकार म्हणजे ज्याची कुठेतरी नोंद आहे ते: तारखा, डेझिग्नेशन, पगार, पेरोल कोणाचा (म्हणजे पगार कोणाकडून निघतो), डिग्री, पासिंग इयर. धरलं जातं ते इथेच, आणि हा लेख मुख्यतः याच लोकांसाठी आहे.

तिसरा प्रकार म्हणजे बनावट कागद. कधी न केलेल्या नोकरीचं एक्स्पिरियन्स लेटर, एडिट केलेली पेस्लिप, नसलेली डिग्री. त्यावर शेवटी लिहितो, कारण तिथला सल्ला पूर्ण वेगळा आहे.

टेबलावर चार कागद ठेवा

अंदाजाने घाबरू नका, समोरच्याला काय दिसणार आहे ते स्वतः आधी बघून घ्या.

पहिलं, पीएफ. युएएन म्हणजे सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच असलेला तुमचा पीएफ नंबर, त्याच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करा, व्ह्यूमध्ये सर्व्हिस हिस्टरी उघडा. तिथे प्रत्येक कंपनीचं नाव, जॉइनिंगची तारीख आणि एक्झिटची तारीख ओळीने दिसते. हल्ली बऱ्याच कंपन्या याच पानाचा स्क्रीनशॉट मागतात, कारण दहा एचआरना मेल करून वाट बघण्यापेक्षा हे सोपं पडतं. म्हणून आपला युएएन आधी आपणच बघायचा.

दुसरं, इन्कम टॅक्सच्या साइटवरून फॉर्म २६एएस आणि एआयएस, म्हणजे तुमच्या कापलेल्या टॅक्सच्या आणि उत्पन्नाच्या नोंदी. कोणत्या कंपनीने कुठल्या तिमाहीत तुमचा टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) भरला ते तिथे दिसतं. पगार टॅक्समध्ये बसत नसेल तर टीडीएसच नसतो, ते ठीक आहे. पण फ्रीलान्स काम केलं असेल आणि समोरच्याने प्रोफेशनल फीवर टीडीएस कापला असेल तर तेही तिथे नावासकट असतं, आणि ही गोष्ट लोक साफ विसरतात.

तिसरं, प्रत्येक कंपनीची ऑफर, शेवटचं अप्रेझल लेटर, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन पेस्लिपा. चौथं, मार्कशीट आणि डिग्री.

आता एक कोरा कागद घ्या आणि रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीसमोर कागदावरची खरी तारीख, खरं पद, खरा आकडा लिहा. फोनवर नको, कागदावरच करा. रात्रभर जी भीती वाटत होती त्यातली निम्मी इथेच गळून जाते कारण पाचपैकी तीन ठिकाणी फरक नसतोच. उरतं ते एक-दोन ठिकाणचं, आणि त्यावर उपाय असतो.

तारखांचं गणित

सगळ्यात जास्त लफडी इथे. गॅप दिसू नये म्हणून लोक मागच्या नोकरीची शेवटची तारीख पुढे ढकलतात, किंवा राजीनामा देऊन तीन महिने झाले तरी "टिल डेट" तसंच ठेवतात. महिनाभराच्या आतला फरक पुष्कळ ठिकाणी मायनर धरतात, पण हे कंपनीगणिक बदलतं, बँका आणि विमावाले जास्त कडक असतात. तीन-चार महिने वाढवलेले असतील तर तो मायनर नाही.

फॉर्ममध्ये रिलीव्हिंग लेटरवरची तारीख टाका, दिवसासकट. गॅप असेल तर गॅपचा रकाना असतोच, तिथे खरं कारण एका ओळीत लिहा: घरी आजारपण, एमपीएससीचा अभ्यास, कोर्स, नोकरी शोधत होतो. एमपीएससीसाठी दोन वर्षं दिलेली पोरं महाराष्ट्रात इतकी आहेत की इथल्या कुठल्याही एचआरला त्याचं काही वाटत नाही. त्याच दोन वर्षांत मावसभावाच्या दुकानाचं लेटरहेड वापरून नोकरी दाखवली असेल तर मात्र वाटतं.

कधीकधी चूक तुमची नसतेच. जुन्या कंपनीने पीएफमध्ये एक्झिट डेट भरलेली नसते आणि कागदोपत्री तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला दिसता. व्हेरिफिकेशनवाला लगेच ड्युअल एम्प्लॉयमेंटचा शेरा मारतो. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं कंपनीचे चेअरमन रिशद प्रेमजींनी जाहीर सांगितलं, त्यानंतर हा रकाना सगळेच डोळ्यात तेल घालून बघतात. उपाय असा की शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने झाले असतील तर पोर्टलवर मॅनेजमध्ये जाऊन मार्क एक्झिट तुम्ही स्वतः करू शकता, आधार ओटीपीवर होतं. तारीख चुकीची पडली असेल तर जॉइंट डिक्लरेशन (पीएफच्या नोंदीतल्या दुरुस्तीचा अर्ज) करावं लागतं आणि त्याला वेळ लागू शकतो, तोवर रिलीव्हिंग लेटर जोडून एचआरला आधीच कळवून ठेवा.

पेरोल कोणाचा, ट्रेनी होता का

चाकण, रांजणगाव, भोसरी भागातल्या पोरांचा हा खास प्रश्न. काम केलं मोठ्या ऑटो कंपनीत, गेटपास त्यांचा, युनिफॉर्म त्यांचा, बस त्यांची, पण पेरोल कॉन्ट्रॅक्टरचा. रेझ्युमेत लिहिलं मोठ्या कंपनीचं नाव. व्हेरिफिकेशनचा मेल तिथल्या एचआरला जातो आणि उत्तर येतं की या नावाचा आमच्याकडे कोणी एम्प्लॉयी नव्हता. खलास. काम खरं, घाम खरा, आणि रिपोर्ट मात्र रेड, म्हणजे माहिती जुळली नाही असा. आयटीत पण हेच, बँकेच्या ऑफिसात तीन वर्षं बसला पण पेस्लिप टीमलीज किंवा क्वेस असल्या स्टाफिंग कंपनीची.

फॉर्ममध्ये एम्प्लॉयर म्हणून पेस्लिपवर ज्याचं नाव आहे तेच टाकायचं. खाली रिमार्क असतो तिथे "क्लायंट साइट अमुक कंपनी, चाकण प्लांट" असं लिहायचं. रेझ्युमेतही तसंच करून घ्या.

एक उदाहरण सांगतो, तपशील बदललेत. मुलगा डिप्लोमा मेकॅनिकल, पहिले अकरा महिने नीम ट्रेनी (सरकारी योजनेतला शिकाऊ), मग सहा महिने कॉन्ट्रॅक्टरकडे, मग दोन वर्षं ऑन-रोल, म्हणजे थेट कंपनीच्या पेरोलवर. रेझ्युमेत त्याने सगळं मिळून "साडेतीन वर्षं, क्वालिटी इंजिनिअर" लिहिलेलं. युएएनमध्ये ट्रेनीचा काळ दिसतच नाही, कारण ते स्टायपेंड असतं, पीएफ नसतो, अप्रेंटिसचंही तसंच. त्याने फॉर्ममध्ये तीन वेगळ्या ओळी केल्या, ट्रेनीसाठी ट्रेनिंग सर्टिफिकेट आणि स्टायपेंड जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जोडलं, डेझिग्नेशन प्रत्येक ओळीत जे होतं ते. एकूण अनुभव जवळपास तेवढाच भरला, फक्त साडेतीनातले काही आठवडे गळाले. एचआरने एक फोन केला, विषय संपला. तो एकच ओळ टाकून मोकळा झाला असता तर गेलाच होता.

डेझिग्नेशन आणि पगार

लेटरवर "सीनियर असोसिएट" आणि काम टीम लीडचं, हे फार ठिकाणी असतं. फॉर्ममध्ये लेटरवरचंच पद. रोलच्या रकान्यात मग लिहा की सहा जणांच्या टीमचं काम बघत होतो, खरंच बघत असाल तर.

पगाराचं जरा नाजूक आहे. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) सांगताना लोक न मिळालेला व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस, ग्रॅच्युइटी, जेवणाची कूपनं सगळं घालून आकडा फुगवतात. कंपनीच्या लेटरवरच ते सीटीसीत धरलेलं असेल तर बिनधास्त सांगा, फक्त फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती ते वेगळं दाखवा. पण लेटरवर ६.२ लाख आहे आणि तुम्ही ८ लाख सांगून त्यावर ३० टक्के हाइक घेतली असेल, तर ते पेस्लिप, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट अशा तीन ठिकाणी उघडं पडतं. इथे पेस्लिप एडिट करायचा मोह होतो, हातात पीडीएफ एडिटर असतोच. करू नका. आतापर्यंत तुम्ही तोंडी वाढवून सांगितलं होतं, आकडा बदललात की तो बनावट कागद झाला. रिक्रूटरला फोन करून सांगा की मी जो आकडा बोललो त्यात अपेक्षित इन्सेंटिव्ह धरला होता (धरला असेल तरच हे कारण द्या, नसेल तर "आकडा चुकीचा सांगितला" इतकंच), लेटरप्रमाणे सीटीसी अमुक आहे. ऑफर कदाचित कमी होईल. कधीकधी होत नाही, कारण बजेट त्यांनी तुमच्या जुन्या पगारावर नाही तर रोलवर ठरवलेलं असतं.

आणि हो, कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर एचआरकडे तुमचा कोणता रेझ्युमे आहे तो मागून घ्या. कन्सल्टंट परस्पर अनुभव वाढवून, स्किल घुसडून पाठवतात आणि उमेदवाराला पत्ताच नसतो. नोकरी डॉट कॉमवरची प्रोफाइल आणि लिंक्डइन पण बघा, तिथे तारखा तिसऱ्याच असतात बऱ्याचदा.

शिक्षण

इथे वाढवायला जागाच नाही. व्हेरिफिकेशन कंपनी फी भरून थेट विद्यापीठाकडून तपासून घेते, डिजिलॉकरवरही आता बऱ्याच मार्कशीटा असतात. ५८ टक्क्यांचे ६० केले असतील तर ते दिसणारच, विशेषतः जिथे ६० ची अट आहे तिथे. शेवटचा एक विषय एटीकेटीत अडकलाय आणि तुम्ही पासआउट लिहिलंय तर फॉर्ममध्ये "परस्यूइंग" निवडा आणि एचआरला कळवा. पासिंग इयरमध्ये मात्र लोक उगाच घाबरतात: परीक्षा मे २०१९ ला, रिझल्ट जुलैत, पदवीदान २०२० मध्ये. मार्कशीटवर जे वर्ष आहे ते टाका.

एचआरला कळवायचं कसं

रेझ्युमे आणि फॉर्म यात ठळक फरक पडणार असेल, म्हणजे कंपनीचं नाव, तीन-चार महिने, पद, पगार, डिग्री यातलं काही, तर फॉर्म सबमिट करायच्या आधी किंवा त्याच दिवशी मेल टाका. आधी फोन केला तरी मागून मेल हवाच, फोनवरचं कोणी लक्षात ठेवत नाही. मजकूर साधारण असा:

"नमस्कार मॅडम, बीजीव्ही फॉर्म भरताना कागदपत्रं तपासली तेव्हा माझ्या रेझ्युमेतल्या दोन नोंदी चुकीच्या असल्याचं लक्षात आलं. अमुक कंपनीतला कालावधी जून २०२१ ते ऑक्टोबर २०२२ असा आहे, रेझ्युमेत जानेवारी २०२३ लिहिलं गेलंय. डेझिग्नेशन लेटरप्रमाणे एक्झिक्युटिव्ह आहे. फॉर्ममध्ये बरोबर माहिती भरली आहे, रिलीव्हिंग लेटर आणि सुधारित रेझ्युमे जोडत आहे."

बस. यात रडगाणं नको, घरची परिस्थिती नको, "मित्राने सांगितलं म्हणून लिहिलं" नको. चार ओळी, कागद जोडलेले. हा मेल वाचून एखादी एचआर ऑफर थांबवू शकते, ते मी नाकारत नाही. पण माझ्या बघण्यात, तारीख-पदाच्या बाबतीत आधी सांगणाऱ्याला बहुतेक वेळा "नोटेड" असं एका शब्दाचं उत्तर येतं, आणि तोच फरक रिपोर्टमधून आला की फाइल कंप्लायन्सकडे (नियम पाळले जातात का बघणाऱ्या विभागाकडे) जाते, तिथे एचआरच्या हातात फारसं उरत नाही.

रेफरन्स म्हणून ज्यांची नावं देताय त्यांना आधी फोन करा. सर, अमुक कंपनीतून कॉल येईल, मी तुमच्याकडे या काळात या पदावर होतो, एवढं आठवण करून द्या. खोटं बोलायला लावू नका, जुना मॅनेजर तुमच्यासाठी अडकून घेणार नाही.

पेपर टाकायच्या आधी

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नोटीस पिरियड ६०-९० दिवसांचा, त्यामुळे राजीनामा आधी आणि बीजीव्ही नंतर असा उलटा प्रकार होतो आणि रिपोर्ट रेड आला की दोन्हीकडून गेलं. ज्याला थोडीही शंका आहे त्याने एचआरला स्पष्ट विचारावं की मागच्या कंपन्यांचं आणि शिक्षणाचं व्हेरिफिकेशन आधी उरकता येईल का, मग मी पेपर टाकतो. अनेक कंपन्या तयार होतात. सध्याच्या कंपनीला मात्र आत्ता कॉन्टॅक्ट करू नये हा पर्याय फॉर्ममध्ये टिक करायला विसरू नका, ते शेवटच्या दिवसानंतर तपासतात.

जुन्या कंपनीतून न सांगता निघून आला असाल आणि रिलीव्हिंग लेटर नसेल तर "नाही" असंच लिहा, राजीनाम्याचा मेल, पेस्लिप, पगार जमा झालेलं स्टेटमेंट जोडा. नोटीसचे पैसे भरून लेटर मिळत असेल तर भरून टाका, पुढच्या प्रत्येक नोकरीत तेच मागणार आहेत.

रिपोर्ट आल्यावर

फॉर्म गेल्यावर दोन-तीन आठवडे काहीच कळत नाही, मग कधी "इन्सफिशियन्सी" असा मेल येतो. त्याला घाबरायचं काही नाही, एखादा कागद कमी आहे एवढाच त्याचा अर्थ, त्याच दिवशी अपलोड करा. ग्रीन म्हणजे झालं. अॅम्बर म्हणजे किरकोळ फरक किंवा तपासता आलं नाही, उदाहरणार्थ कंपनी बंद पडलीय, तेव्हा खुलासा मागतात. खुलासा मुद्द्याला धरून आणि कागदासकट द्या. रेड आला तर आधी रिपोर्टमधला नेमका मुद्दा लेखी मागा, कारण नावसाधर्म्यामुळे कोर्ट केस दुसऱ्याचीच लागणं, एचआरने चुकीचा एम्प्लॉयी कोड बघणं हे प्रकार होतात, आणि ते कागद दाखवून दुरुस्त होतात.

बनावट कागदवाल्यांसाठी

पैसे देऊन एक्स्पिरियन्स लेटर घेतलं असेल, तर ते अपलोड करू नका. व्हेरिफिकेशनवाले कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनी जिवंत आहे का बघतात, वेबसाइटचं डोमेन कधी घेतलं ते बघतात, पत्त्यावर माणूस पाठवतात, आणि लेटर देणाऱ्याने एकाच कंपनीच्या नावावर शंभर पोरं पाठवलेली असतात, एक सापडला की यादीच सापडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अॅक्सेंचरने भारतात अस्तित्वात नसलेल्या कंपन्यांची लेटरं लावून आलेल्यांना काढल्याचं जाहीर केलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात फसवणूक कलम ३१८, बनावट कागद ३३६ आणि तो खरा म्हणून वापरणं ३४०. कंपन्या बहुधा काढून टाकतात आणि पोलिसांत जात नाहीत, पण जाणार नाहीत याची हमी कोण देणार.

इथे दुरुस्तीचा मेल चालत नाही. वैयक्तिक कारण सांगून ऑफर सोडा, रेझ्युमेतून ती कंपनी काढा आणि खऱ्या अनुभवावर पुन्हा अप्लाय करा, पगार कमी मिळेल. कागद आधीच अपलोड झाला असेल किंवा त्यावर जॉइनही झाला असाल, तर कंपनीला काहीही लिहून द्यायच्या आधी एखाद्या वकिलाशी अर्धा तास बोला. आणि लेटर देणारा "व्हेरिफिकेशन कॉल पण आम्हीच घेऊ, पाच हजार अजून द्या" म्हणाला तर ते पैसे देऊ नका.